सहा पिवळे, दोन जांभळे

मामांच्या अडत दुकानातला कम्प्युटर उघडला आणि आधी मला शिंकाच आल्या. सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या पोत्यांपासून चार हातांवर सोळा वर्षं बसलेलं यंत्र आतून कसं झालं असेल याचा मी विचारच केला नव्हता. पंख्याची पाती पिवळी. हीटसिंकच्या फटींत पिवळा गाळ. डीव्हीडी ड्राइव्हला जाणारी ती रुंद, चपटी केबल मुळात राखाडी असते हे माहीत होतं म्हणून ओळखली. दिवाणजी चष्मा कपाळावर सरकवून आत डोकावले आणि म्हणाले, "हळद तर लागलीय. आता उरकून टाका लग्न."

मी शाळेत गणित शिकवतो. दुरुस्ती हा माझा धंदा नाही, पण आमच्या घरात स्क्रूड्रायव्हर नीट धरणारा मी एकटाच, त्यामुळे मामांचा फोन मलाच येतो. या वेळची तक्रार साधी होती. सकाळी बटण दाबल्यापासून हिशोबाची खिडकी उघडेपर्यंत चार मिनिटं जायची, आणि आतली १६० जीबीची हार्ड डिस्क मधूनच टक, टक, टक करून थांबायची. असा आवाज करणाऱ्या डिस्कच्या भरवशावर हळदीचा हंगाम काढायचा म्हणजे जुगारच.

नवीन मशीन घेऊ म्हटलं तर अडचण हिशोबाच्या सॉफ्टवेअरची. ते २०१० साली विश्रामबागेतल्या एका मुलानं खास या दुकानासाठी लिहून दिलं. शेतकऱ्याचं नाव, पोती, वजन, दर, खाली हमाली-तोलाई वजा जाऊन निव्वळ रक्कम, अशी पट्टी त्यातून थेट डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर निघते. प्रिंटर जुन्या पॅरलल पोर्टवर, म्हणजे त्या लांबट, पंचवीस पिनांच्या जोडणीवर चालतो. सॉफ्टवेअरची सीडी सापडत नाही. तो मुलगा आता कुठं असतो कुणाला ठाऊक नाही. तेव्हा आहे तेच विंडोज सेव्हन, आहे तसंच्या तसं, जुन्या डिस्कवरून नव्या एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर, उतरवायचं असं ठरलं. विंडोज सेव्हनला मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षेचे अपडेट देणं थांबवलंय, म्हणून या मशीनची नेटची वायर मी त्याच वर्षी काढून ठेवलेली. ते अजून तसंच आहे.

मामांची आणखी एक मागणी होती. घरी गावभागात कपाटात धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली एक ४० जीबीची हार्ड डिस्क होती, २००४च्या कम्प्युटरची. २००५च्या महापुरात पाणी अंगणात यायच्या आत मामांनी तो डबा माडीवर चढवला होता. हरिपूरच्या पेवांत पाणी शिरून त्या साली कितीतरी हळद गेली. आमची खाती मात्र वाचली, हे मामा अजून सांगतात. "उघडलंच आहेस तर तीपण बसव. जुनी खाती बघायला मिळतील."

इथंच घोळाचं बी पडलं. पण ते मला दोन दिवसांनी कळलं.

मदरबोर्डाच्या कडेला साटाचे, म्हणजे नव्या पद्धतीच्या डिस्का जोडायचे, आठ पोर्ट होते. सहा पिवळे, दोन जांभळे. जांभळ्यांच्या शेजारी चाळीस पिनांचं एक लांबडं आयडीई कनेक्टर, म्हणजे साटाच्या आधीची जुनी जोडणी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की रंग फक्त शोभेला आहेत. तसं नाही. इंटेलनं २००६ मध्ये आयसीएच८ नावाची चिप आणली तेव्हा डेस्कटॉपच्या चिपमधून आयडीई काढूनच टाकलं. लोकांकडे तर आयडीईचे सीडी ड्राइव्ह, आयडीईच्या डिस्का ढिगानं पडलेल्या. मग बोर्ड बनवणारे शेजारी दुसऱ्या कंपनीची एक छोटी चिप बसवायचे. तिच्यातून एक आयडीई निघायचं आणि वर एखाद-दोन साटा पोर्टही. म्हणजे एकाच बोर्डावर डिस्क सांभाळणारे दोन कंट्रोलर, आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी बोर्डाला जागं करणाऱ्या प्रोग्राममध्ये, त्यांच्या सेटिंग दोन वेगळ्या ठिकाणी. एकाच यार्डात दोन वजनकाटे, आणि दोघांच्या पावत्या वेगळ्या, असा कारभार.

एवढं मला आधीपासून माहीत होतं, म्हणून एसएसडी मी पिवळ्या शून्य नंबरावर लावली. अशा जोडचिपा बहुधा पीसीआय एक्सप्रेस या बोर्डावरच्या डेटाच्या रस्त्याच्या एकाच लेनवर लटकलेल्या असतात. त्या काळची ती लेन सेकंदाला २५० एमबीच्या पुढं नेत नाही, आणि तेवढ्यातच आयडीई आणि दोन्ही जांभळे पोर्ट वाटेकरी. इंटेलच्या पोर्टवर तसं नाही.

क्लोनझिला नावाचा, डिस्कची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून चालू केला आणि जुनी १६० नव्या २४० जीबीवर उतरवायला लावली. पाऊण तास लागला. मधे एकदा टकटक झाली आणि पडद्यावरचा आकडा थबकला. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते, मी आकड्याकडे. मग सुटला. झाल्यावर जुनी डिस्क लगेच काढून बाजूला ठेवली. हे करायलाच हवं. क्लोन केलेल्या दोन डिस्कांची अंगची खूण, म्हणजे डिस्क सिग्नेचर, एकच असते. दोघी एकदम जोडल्या तर विंडोज एकीला ऑफलाइन करतं, नाहीतर खूण बदलतं, आणि बदललेली डिस्क पुढं एकटी लावली की बूटच होत नाही.

एसएसडीवरून विंडोज झटक्यात उघडलं. मामा खूश. मी तिथंच थांबायला हवं होतं, निदान चहा प्यायला तरी. पण बायोसमध्ये साटाचा मोड आयडीईवर होता आणि तो मला बघवेना. आयडीई मोडमध्ये नवी डिस्क जुन्या डिस्कचं सोंग घेऊन वावरते. एएचसीआय मोडमध्ये तिला एका वेळी बऱ्याच मागण्या घेऊन त्या आपल्या सोयीनं उरकता येतात. विंडोज सेव्हन आयडीई मोडमध्ये टाकलेलं असेल आणि बायोसमध्ये नुसताच एएचसीआय निवडला, तर सुरू होताना निळा पडदा येतो आणि शेवटी ७बी असलेला स्टॉप कोड दाखवतो. म्हणजे, बूटची डिस्क हाताशी लागत नाही. त्यावर उपायही ठरलेला आहे. मोड बदलण्याआधी रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीतल्या, सर्व्हिसेसमध्ये एमएसएएचसीआय नावाची नोंद शोधायची, तिच्यातल्या स्टार्टची किंमत ३ असते ती ० करायची. मग विंडोज तो ड्रायव्हर सुरुवातीलाच उचलतं. मी तो आकडा बदलला, मशीन बंद केलं, आणि आता बंद केलंच आहे तर मामांची ४० जीबीची डिस्कही जोडून टाकू, असं मनाशी म्हटलं.

मुलांना गणित शिकवताना मी रोज ओरडतो, एका पायरीला एकच बदल.

आयडीईच्या एका केबलवर दोन साधनं बसतात. एक मास्टर, एक स्लेव्ह. कोण कोण ते पाठीमागच्या पिनांवरच्या जंपरनं ठरतं. जंपर म्हणजे तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी प्लॅस्टिकची टोपी. केबलच्या काळ्या टोकाला डिस्क लावली, मधल्या राखाडी टोकाला डीव्हीडी. निळं टोक बोर्डात. चालू केलं तर दुसऱ्या चिपचा स्वतःचा काळा पडदा आला, त्यावर डिस्क शोधतोय अशी एक ओळ, आणि ती तिथंच बसली. एक मिनिट. दोन मिनिटं. दोघंही मास्टर होते. डीव्हीडीचा जंपर दिवाणजींकडच्या चिमट्यानं उपटला, तो उडाला आणि टेबलाखाली हळदीच्या भुकटीत पडला. मोबाइलचा दिवा लावून मी, दिवाणजी आणि एक हमाल असे तिघं गुडघ्यांवर. हमालालाच सापडला. "हे एवढुसं?" म्हणाला आणि माझ्या तळहातावर अक्षता ठेवावी तसा ठेवला.

डीव्हीडी स्लेव्ह झाली. दुसऱ्या चिपच्या पडद्यावर दोन्ही नावं ओळीनं आली. बायोसमध्ये जाऊन मोड एएचसीआय केला, एफ १० दाबून बाहेर आलो.

निळा पडदा. क्षणभर चमकला, मशीन पुन्हा सुरू. पुन्हा निळा. पुन्हा सुरू.

आता मला या पडद्याची गोष्ट आधीच पाठ होती ना! एएचसीआय केलं, ७बी आला, म्हणजे रजिस्ट्रीत काहीतरी चुकलं. यात शंका घ्यायला जागाच दिसली नाही. मोड परत आयडीई केला. तरी निळाच. इथं डोकं जागेवर असतं तर मी थांबलो असतो, कारण दुपारी याच मोडमध्ये हीच एसएसडी उघडली होती. पण माझं मत असं झालं की मोड उलटसुलट केल्यानं विंडोजच बिघडलं. संध्याकाळचे सहा वाजलेले. केबली सोडवून जुनी १६० जोडली आणि पुन्हा क्लोन करायला लावलं. पुन्हा पाऊण तास, पुन्हा ती टकटक. मामांनी भडंग आणि चहा मागवला. मग सगळं परत जोडलं, ४०वालीसकट, आणि पुन्हा निळा.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका दुकानात बोर्डाचा फोटो दाखवला. त्यांनी बोर्ड गेलंय म्हणून सांगितलं आणि जुन्याचे पाचशे कापून नवीनची किंमत लावली. मी नुसतीच मान हलवली.

दुपारी शाळा सुटल्यावर परत यार्डात. या वेळी निदान पूर्ण कोड तरी वाचू म्हणून मोबाइलवर स्लो मोशन लावला आणि मशीन सुरू केलं. निळा पडदा आला, गेला. व्हिडिओ मी मागं-पुढं करत आकडे उतरवत होतो आणि दिवाणजी खांद्यावरून बघत होते.

"थांबा. जरा मागं घ्या."

मी मागं घेतलं.

"अजून. हां, हे. अहो, हे चित्र तर आपल्या जुन्या कम्प्युटरचं. गावभागातल्या."

निळ्याच्या आधी सेकंदभर काळ्या पडद्यावर चार रंगांची खिडकी, आणि खाली सरकणारे तीन निळे ठिपके. विंडोज एक्सपी! सेव्हनचा लोगो चार ठिणग्या एकत्र येऊन बनतो, तो कुठंच नव्हता. दोन दिवस ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात होतं, आणि मी दर वेळी एकतर डब्याच्या लाल दिव्याकडे बघत बसलेलो किंवा निळ्याची वाट बघत. दिवाणजींना कम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर सोडून काही येत नाही. पण त्या एक्सपीवर त्यांनी पाच वर्षं रोजकीर्द लिहिली होती.

म्हणजे निळा पडदा एसएसडीचा नव्हताच. तो ४० जीबीच्या डिस्कचा होता. नवी डिस्क जोडल्यावर बायोसनं बूटच्या यादीत तिला आपणहून पहिल्या नंबरावर बसवलं होतं. बायोसमध्ये बूटची यादी दोन मजली असते. वरच्या मजल्यावर आधी सीडी, मग हार्ड डिस्क एवढंच. ते मी तपासलं होतं आणि ते बरोबर होतं. हार्ड डिस्कांमध्ये आधी कोण, याचं पान वेगळं. तिथं दुसऱ्या चिपवरची म्हातारी वर, एसएसडी खाली. म्हातारीवर २००४चं एक्सपी. ते वेगळ्या बोर्डावर, वेगळ्या कंट्रोलरवर वाढलेलं. या चिपशी बोलायचा ड्रायव्हर त्याच्याकडे नाही. म्हणून त्यानं आपला ७बी दाखवला. एएचसीआय चुकल्यावर जो कोड येतो, अगदी तोच. दोन वेगळ्या विंडोजांची एकच तक्रार, आणि मी भलत्याच रोग्याला औषध देत होतो.

त्या पानावर एसएसडी वर आणली. मोड एएचसीआय. सेव्हनच्या ठिणग्या उठल्या, डेस्कटॉप आला, कोपऱ्यात नवीन हार्डवेअर सापडल्याचा फुगा आला, एकदा रीस्टार्ट मागितलं, संपलं. रजिस्ट्रीतला तो शून्य पहिल्यापासून बरोबर होता. फक्त दुसऱ्या क्लोननं तो पुसून परत ३ केला असणार हे ऐनवेळी आठवलं, म्हणून आधी आयडीईत उघडून पुन्हा ० केला. नाहीतर तिसऱ्या दिवशी खरा निळा पडदाही बघितला असता. बटणापासून हिशोबाच्या खिडकीपर्यंत अडतीस सेकंद. डी अक्षराखाली २००४ची खाती. मामांनी पहिलं खातं उघडलं ते आजोबांचं. काही बोलले नाहीत, दोन-तीन पानं खाली गेले आणि बंद केलं.

पुढच्या सकाळी साडेआठला फोन. "निळं आलंय."

मी वर्गात शिरत होतो. दिवाणजींना फोन द्यायला सांगितलं, सुरू होताना एफ १२ दाबत राहायला लावलं, यादीत कोणती नावं दिसतात ती वाचून घेतली आणि एसएसडीवर एंटर करायला सांगितलं. "आलं, आलं." मी फोन ठेवला.

शाळा सुटेपर्यंत चार पट्ट्या छापून गेल्या होत्या. पाचवी हातात धरून कसबे डिग्रजचे एक शेतकरी काउंटरवर उभे होते. "मालक, ही तारीख माझ्या लग्नाच्या आधीची दिसतीय." पट्टीवर १ जानेवारी २००८. दर मात्र आजचा, त्यामुळे त्यांची काही तक्रार नव्हती.

हे कोडं सोपं होतं, आणि मीच आधी ओळखायला हवं होतं. बोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर२०३२. तारीख आणि बायोसची सेटिंग वीज नसताना तीच राखते. तीन व्होल्टची ती मल्टिमीटरवर दोनच्या आसपास दाखवत होती. मामा रोज रात्री दुकान बंद करताना भिंतीवरचं विजेचं बटण बंद करतात, चाळीस वर्षांची सवय. म्हणजे रोज रात्री बायोस सगळं विसरायचं आणि सकाळी मूळ यादी लावून बसायचं. मूळ यादीत म्हातारी पहिली, साटाचा मोडही आयडीई. सेव्हन दोन्ही मोडमध्ये उघडत होतं, म्हणून एफ १२नं काम भागलं. याआधी डिस्क एकच होती, त्यामुळे बायोस काय विसरतंय याचा कुणाला पत्ताच नव्हता. तारीख मागं गेलेली दिसली की दिवाणजी ती रोज सकाळी हातानं टाकायचे. मला कधी सांगितलंही नाही. "त्यात काय सांगायचं, वहीवरपण रोज तारीख घालायचोच की."

हरभट रोडवरच्या एका घड्याळाच्या दुकानातून बॅटरी आणली. क्लिप दाबून जुनी काढली, नवी बसवली, तारीख घातली, मोड आणि यादी पुन्हा लावली. मग मुद्दाम भिंतीवरचं बटण बंद करून अर्धा तास थांबलो. सगळं जागच्या जागी राहिलं.

तरी म्हाताऱ्या डिस्कला आता आत ठेवायची माझी तयारी नव्हती. खाती सगळी एसएसडीवर उतरवून घेतली, एक प्रत पेन ड्राइव्हवर मामांच्या तिजोरीत. डिस्क परत धोतराच्या तुकड्यात. बायोसमध्ये दुसरी चिपच बंद करून टाकली. तिचा तो काळा पडदा आणि डिस्क शोधायचा वेळही वाचला, आता एकतीस सेकंद. डीव्हीडी ड्राइव्ह त्याच चिपवर असल्यामुळे तोही गेला. पण त्याच्या ट्रेमध्ये गेली कित्येक वर्षं एक भजनांची सीडी पडून होती, यापलीकडे त्याचा काही उपयोग कुणी करत नव्हतं. सीडी काढून मामांना दिली.

मामांची सकाळ तेवढी अजून बदललेली नाही. मशीन उघडायला चार मिनिटं लागायची तेव्हापासूनचा त्यांचा क्रम आहे. आधी बटण, मग तसबिरींना पाणी, कुंकू, उदबत्ती, मग गल्ल्यावर हात फिरवून खुर्चीत. आता ते खुर्चीत येईपर्यंत पडदा उघडून, वाट बघून, झोपी गेलेला असतो. परवा मला फोन करून विचारत होते, "सकाळी रोज काळं येतंय रे, परत काही बिघडलं काय?" माउस हलवायला सांगितला.